सोळा तासांचा हिशेब

‘प्राध्यापक आठवड्याला सोळा तास शिकवतात, वर्षातले कितीतरी महिने सुट्टीवर असतात आणि महिन्याला लाखाच्या घरात पगार घेतात.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, एसटीत ऐकले आहे, संस्थाचालकांच्या भाषणांत ऐकले आहे. वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत तर ते दर काही महिन्यांनी नव्या सहीने येते. बोलणारा बदलतो, सोळाचा आकडा बदलत नाही. मी एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पगार चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते मिळतात, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुटुंबांना ही रक्कम मोठीच वाटणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप सोळा तासांच्या हिशेबाला आहे. हा हिशेब चुकीचा आहे, आणि समाजाने तो बिनतक्रार मान्य केल्यामुळे राज्यातल्या महाविद्यालयांचे जे नुकसान चालले आहे ते आरोप करणाऱ्यांच्याच मुलांना सोसावे लागते आहे.

आकडा येतो कुठून ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असे म्हटले आहे. पण तीच नियमावली पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा ठरवते, तो वर्षातले ३० आठवडे असावा असे सांगते, आणि शिक्षकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे अशी अटही घालते. म्हणजे १६ हा ४० मधला एक भाग आहे. आरोप करणारे नियमावलीतले एक वाक्य उचलतात आणि शेजारचे सोडून देतात. वकिलाच्या कामाचे तास न्यायाधीशांपुढे उभे राहिल्याच्या मिनिटांवरून कोणी मोजत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र उरलेले २४ तास कुठे जातात हा प्रश्नसुद्धा विचारला जात नाही; ते तास नसतातच असे गृहीत धरले जाते.

हा गैरसमज केवळ पंगतीतला असता तर लेख लिहायचे कारण नव्हते. खुद्द आयोगाने २०१६ च्या मे महिन्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे तास वाढवायची दुरुस्ती आणली होती. दिल्लीतल्या प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला आणि थोड्याच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ‘तासच वाढवा, म्हणजे माणसे कमी लागतील’ हा विचार मात्र मागे गेला नाही. तो वेगळ्या वाटेने आपल्या राज्यात आला. त्याकडे मी पुढे येतोच.

आधी एका तासात काय असते ते सांगतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचे टायट्रेशनचे प्रात्यक्षिक घ्या. प्रयोग जुना आहे, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात होतो. सोडियम हायड्रॉक्साइड काट्यावर तोलून द्रावण केले तरी त्याच्या तीव्रतेचा भरवसा धरता येत नाही, कारण हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. म्हणून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी ते ताडून पाहावे लागते. ब्युरेटच्या तोट्या गळतात का, ते बघावे लागते. ज्या प्रयोगशाळेत परिचराचे पद रिकामे आहे, आणि अशा प्रयोगशाळा आता गावोगाव आहेत, तिथे हे सगळे शिक्षकच आदल्या दिवशी करतो. इतके झाल्यावर बॅच येते. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला सीबीआर आणायचा असतो, म्हणजे ब्युरेटचे सलग तेच वाचन. सगळ्या बॅचला एकाच बाटलीतले द्रावण दिले, तर पहिल्या अर्ध्या तासात एका हुशार मुलीचा सीबीआर सगळ्या टेबलांवर पोचतो. सगळ्यांची जर्नल पूर्ण होतात, सगळ्यांना सही मिळते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी रंग पालटण्याचा क्षण नीट पाहिलेलाही नसतो.

हे थांबवायचा उपाय सोपा आहे. बाटल्या वेगवेगळ्या करायच्या. प्रत्येकीत तीव्रता थोडी निराळी, बाटलीवर फक्त खुणेचे अक्षर, उत्तर शिक्षकाच्या वहीत. मग नक्कल चालत नाही. मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवावा लागतो. त्याची वाचने ९.८, १०.४, ९.९ अशी येतात, तो गोंधळून विचारतो, ‘सर, यातले कोणते लिहू?’ आणि तिथे विज्ञान शिकवायला सुरुवात होते. आले ते लिही, मधलेच वाचन जास्त का आले ते आता शोधू, शेवटचे थेंब एकेक करून टाकले होतेस का, ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता का, वाचन घेताना डोळा कुठे होता. या प्रश्नोत्तरांतून गेलेला मुलगा पुढे औषधकंपनीच्या गुणवत्ता विभागात लागला तर खोटे वाचन लिहायला त्याचा हात सहजी धजणार नाही. या एका प्रात्यक्षिकासाठी आदली अख्खी संध्याकाळ जाते. शिक्षकाच्या दैनंदिनीत त्याची नोंद होते ती अशी: ‘प्रात्यक्षिक, बॅच ब’. एकच बाटली भरून ठेवणाऱ्याच्या दैनंदिनीतही अक्षर न् अक्षर हीच नोंद असते.

माझ्या आक्षेपाचे मूळ इथे आहे. तास हे एकक चांगल्या आणि वाईट शिक्षकात फरकच करू शकत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स वर्गात वाचून दाखवणाऱ्याचे सोळा तास भरतात. मराठी माध्यमातून दहावी झालेली आणि अकरावीपासून इंग्रजी पुस्तकासमोर बसवलेली मुले ‘मोल’ या कल्पनेपाशी अडतात हे ओळखून, त्यासाठी उदाहरणे रचणाऱ्या शिक्षिकेचेही सोळाच भरतात. बायोमेट्रिक यंत्रावर दोघांचा अंगठा सारखाच उमटतो. ‘काही प्राध्यापक वर्गावर जातच नाहीत’ असे टीकाकार म्हणतात, आणि ते खरे आहे. असे लोक आहेत, त्यांना मी ओळखतो, त्यांचा बचाव मी करणार नाही. पण त्यांना आजवर कोणी वाचवले? याच हिशेबाने वाचवले. हजेरीपत्रकावर सही आणि वेळापत्रकात तास दाखवला की त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. कामचुकारांवर खरोखर राग असेल, तर जे मोजमाप त्यांना सगळ्यांत सोयीचे आहे तेच हातात धरून त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

उरलेल्या चोवीस तासांकडे येतो. उत्तरपत्रिका तपासणे, प्रश्नपत्रिका काढणे, अंतर्गत परीक्षा, पर्यवेक्षण हे लोकांना ठाऊक असते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशी तयारी न करता घेतला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले, तेव्हा तपासणी हे केवढे काम आहे याची चर्चा निदान काही आठवडे तरी झाली. बाकीच्या कामांची चर्चा होत नाही. प्रवेश समिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, रॅगिंगविरोधी समिती. आणि या सगळ्यांवर नॅक. बंगळूरची ही मूल्यांकन परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली ती महाविद्यालयांना स्वतःकडे चिकित्सकपणे पाहता यावे म्हणून. आज त्या चिकित्सेचे रूपांतर पुरावे जमवण्यात झाले आहे. वृक्षारोपण झाले का यापेक्षा त्याचा जिओटॅग केलेला फोटो आहे का हे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक विषयाची अपेक्षित फलिते लिहायची, ती किती टक्के साध्य झाली याचे कोष्टक भरायचे, प्रत्येक निकषाची फाइल वेगळी ठेवायची. विभागातला सगळ्यांत उत्साही तरुण शिक्षक या कामाला जुंपला जातो, कारण त्याला संगणक चांगला येतो. ज्या दुपारी तो पाच निराळ्या बाटल्या भरू शकला असता, त्या दुपारी तो फोटोंना नावे देत बसलेला असतो.

इथे टीकाकार म्हणतील, ‘मग या कार्यशाळा, परिषदा कशासाठी? त्या तर तुमच्याच सहली असतात.’ हा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. एक दिवसाची राष्ट्रीय परिषद मी अनेकदा पाहिली आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगते, अध्यक्षीय भाषण आणि आभार यांत सकाळ संपते. जेवणानंतर समांतर सत्रे. शेजारच्या तालुक्यातून पहाटे निघून आलेल्या शिक्षकाला निबंध वाचायला पाच-सात मिनिटे मिळतात, अध्यक्ष ‘वेळ झाली’ म्हणून चिठ्ठी पाठवतात, प्रश्न कोणी विचारत नाही. चहाबरोबर प्रमाणपत्रे वाटली जातात. टाळेबंदीच्या काळात हेच घरबसल्या सुरू झाले. वेबिनारच्या शेवटी गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर, आणि वक्ता बोलत असतानाच गप्पांच्या चौकटीत ‘फॉर्मची लिंक द्या’ अशी मागणी. यात वेळ वाया जातो आणि विषयाचा अपमान होतो.

पण ही प्रमाणपत्रांची भूक शिक्षकाच्या पोटी जन्मली नाही. २०१० च्या नियमावलीने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली: शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेत वाचनाला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. वर्गात शिकवणे तिच्यात होते, पण तासांच्या रूपात. म्हणजे ते सर्वांचे सारखेच भरत. फरक पडणार तो छापील कागदांनी. मग कागद पुरवणारी बाजारपेठ उभी राहिली. आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीतून २ मे २०१८ रोजी एका झटक्यात ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली, यावरून तिच्या आकाराची कल्पना यावी. नंतर यादी सुधारायचे काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रामार्फत झाले. ती ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन शिक्षकांवरचा गुणांचा बोजा हलका केला, हे चांगले झाले. तरी पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि जोडीला एखादा उजळणी वर्ग किंवा आठवड्याचा कार्यक्रम लागतोच. ही केंद्रे १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ म्हणून सुरू झाली, नंतर मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आता मालवीय मिशनची केंद्रे आहेत. पाट्या बदलल्या. चाळीस शिक्षक एका दालनात बसलेले आणि समोर दिवसाला चार वक्ते, ही रचना बदलली नाही. ज्याला वर्गात व्याख्यान देऊ नकोस, मुलांना करू दे, असे सांगायचे आहे, त्याला ते व्याख्यानातूनच सांगितले जाते.

म्हणून ‘शिक्षकांना शिकायलाच नको’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याच देशात याच्या उलट घडलेले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे एकलव्य संस्थेने तो चालवला. तिथल्या प्रशिक्षणात शिक्षक स्वतः प्रयोग करत, फसत, भांडत, पुन्हा करत. विद्यापीठांतले आणि संशोधनसंस्थांतले लोक त्यांच्या शेजारी बसून तेच प्रयोग करत. आणि प्रशिक्षण संपले की संबंध संपत नसे. दर महिन्याला शिक्षक जमत आणि वर्गात काय चालले, काय फसले ते मांडत. पुण्यातल्या टेल्कोतून सुट्टी काढून अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून त्यांनी केलेली खेळणी पुढे देशभर पोचली. वीस-पंचवीस वर्षांत हा कार्यक्रम शेकडो शाळांत गेला. तो २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केला. शिक्षकांनी तो बंद पाडलेला नव्हता. आजही मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अशा कार्यशाळा होतात, जिथे प्रत्येकाला प्रयोगाच्या टेबलापाशी उभे राहावे लागते, आणि प्रौढ प्राध्यापक तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत एका प्रयोगाच्या निष्कर्षावर वाद घालत बसतात. कार्यशाळा शिक्षकाला नकोशी नसते. त्याच्या रोजच्या अडचणींशी जिचा संबंध नाही ती नकोशी असते.

दुसरे उत्तर क्लासवाल्यांबद्दल. ‘ते दिवसाला आठ-आठ तास शिकवतात आणि निकाल देतात, मग तुम्हाला काय होते?’ क्लास एका परीक्षेसाठी एक अभ्यासक्रम वर्षानुवर्षे शिकवतो. तो शुल्काने आणि चाचणीने आपले विद्यार्थी निवडतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, ग्रंथालय लागत नाही, नापास होणाऱ्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर नसते. महाविद्यालयात वर्गातल्या पहिल्या बाकावर वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेली मुलगी असते आणि शेवटच्या बाकावर घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा, सकाळी दुधाच्या किटल्या पोचवून आलेला मुलगा असतो. दोघांना एकाच तासात काहीतरी मिळायला हवे. आणि ज्या लातूर पॅटर्नचा दाखला क्लासच्या बाजूने दिला जातो, तो घडवला राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी. वेळापत्रकाबाहेरचे तास, एकामागून एक चाचण्या, तपासलेले पेपर दुसऱ्या दिवशी परत. हे सारे सोळा तासांच्या बाहेरचे काम होते. क्लासची बाजारपेठ तिथे नंतर फोफावली.

सुट्ट्यांबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षा आणि मध्यवर्ती मूल्यांकन चालू असते, निकाल लागतो न लागतो तोच प्रवेश सुरू होतात. तरीही इतर नोकऱ्यांपेक्षा आम्हाला सुट्टी जास्त आहे हे खरे आहे, आणि ती असावी. वाचल्याशिवाय शिकवता येत नाही.

आता त्या वाटेकडे, जिचा उल्लेख मी सुरुवातीला केला. शिकवणे म्हणजे वर्गातले तास, एवढेच जर खरे, तर पूर्णवेळ माणूस नेमायचाच कशाला? तासांचे पैसे द्यावेत, काम झाले. महाराष्ट्र शासन नेमके हेच करते आहे. २०१७ मध्ये काटकसरीपायी पदभरती रोखली गेली. २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापक पदे भरायला मान्यता मिळाली, पण निवृत्त होणाऱ्यांमुळे दरवर्षी पडणारी भोके त्याहून वेगाने वाढत गेली. ती बुजवली गेली ती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी. सगळे त्यांना सीएचबी म्हणतात. नेट किंवा सेट झालेली, पुष्कळदा पीएच.डी. मिळवलेली ही माणसे. दर जूनमध्ये नव्याने जाहिरात, नव्याने मुलाखत, सत्र संपले की नेमणूक संपली. मानधन तासाला काही शे रुपयांपासून फार तर हजारापर्यंत, तेही पुष्कळदा कित्येक महिन्यांनी एकरकमी. सुट्टीच्या दिवशी तास नाही, म्हणून पैसे नाहीत. गणपतीची सुट्टी लागली की पूर्णवेळ शिक्षकाला आनंद होतो, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तोच विषय तेवढ्याच तळमळीने शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे त्या आठवड्याचे उत्पन्न जाते.

या सहकाऱ्यांना चोवीस तासांचे पैसे मिळत नाहीत, कारण हिशेबात ते चोवीस तास नाहीतच. तरी प्रश्नपत्रिका तेच काढतात, अंतर्गत परीक्षा तेच घेतात, नॅकच्या फाइलींना हात तेच लावतात. नाही म्हटले तर पुढच्या जूनमध्ये नाव येणार नाही ही भीती डोक्यावर असते. एवढे करून जे राहून जाते ते विद्यार्थ्याच्या वाट्याचे असते. तास संपल्यावर मुलगी शंका घेऊन येते तेव्हा मॅडमना दुसऱ्या महाविद्यालयातला तास गाठायला एसटी पकडायची असते. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचे मार्गदर्शन ज्यांनी सुरू केले त्या पुढच्या सत्रात असतील की नाही, हे कोणालाच माहीत नसते. पदव्युत्तर प्रवेशासाठी शिफारसपत्र लिहायला, ‘मी या विद्यार्थ्याला तीन वर्षे पाहिले आहे’ असे म्हणायला माणूस सापडत नाही. त्यातच २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्येकाचे श्रेयांक वेगळे. या रचनेत मुलाला निवड करायला मदत करणारा, त्याला वर्षानुवर्षे ओळखणारा शिक्षक पूर्वी कधी नव्हता इतका आवश्यक आहे. नेमका तोच शिक्षक आपण तासावर आणून ठेवला आहे.

म्हणून ‘सोळा तासांचा पगार’ हा टोमणा मला निरुपद्रवी वाटत नाही. पंगतीत तो मारणारा आणि मंत्रालयात तासिकेचा दर ठरवणारा एकाच गणितावर उभे आहेत. पहिला म्हणतो, हे लोक फक्त सोळा तास काम करतात. दुसरा म्हणतो, मग तेवढ्याचेच पैसे देऊ. पहिल्याच्या तोंडून दुसऱ्याला समाजाची संमती मिळते. उद्या प्रत्येक पूर्णवेळ पद तासिकेवर गेले तर खजिन्यात पैसे वाचतील, कामचुकार प्राध्यापकांची चर्चाही संपेल, आणि जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला प्रयोगशाळेत एकच बाटली मिळेल. कारण पाच बाटल्या भरायची संध्याकाळ कोणाच्याच तासिकेत बसत नाही. ज्यांना परवडते त्यांची मुले तोवर पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांत गेलेली असतील.

शिक्षकाचे काम तपासू नका असे मी म्हणत नाही. उलट, आज ते फार वरवर तपासले जाते. खोलीच्या दाराशी उभे राहून कोण आत आहे ते पाहणे ही तपासणी नव्हे. विभागात जाऊन जर्नल उघडा: सगळ्यांची वाचने सारखी आहेत का बघा. तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर गुणांखेरीज एखादे वाक्य लिहिलेले आहे का बघा. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की वर्गाबाहेर कोणाकडे शंका घेऊन जाता. ही चौकशी अंगठ्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी कठोर आहे, आणि माझ्यासकट प्रत्येकाची ती व्हावी असे मला मनापासून वाटते. ती करायला विषयातला जाणकार लागतो, वेळ लागतो, म्हणूनच ती टाळून तास मोजले जातात.

आणि पालकांनी आणखी एक करावे. येत्या जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा शुल्काच्या जोडीने प्राचार्यांना चार गोष्टी विचारा. या विषयात मंजूर पदे किती आहेत, त्यांतली भरलेली किती, प्रयोगशाळेत परिचर आहे का, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना शेवटचे मानधन कोणत्या महिन्यात मिळाले. महाविद्यालय अनुदानित असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली हे लेखी मागता येते. उत्तरे हातात आल्यावर प्राध्यापक आठवड्याला किती तास काम करतात यावर आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा त्या बोलण्यात तुमच्या आमदारांनाही घ्यावे लागेल.